सॉफ्टबॉल खेळण्यापूर्वी

नवी मुंबईतील नेरूळच्या मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तेथील मुलांच्या हाताला बॅटची सवय असावी, यात नवल नाही. अशी मुले सॉफ्टबॉल खेळू लागली, म्हणजे मात्र त्यांना काही जुन्या सवयी सोडाव्या लागतात.

हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी जन्मास आला. मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला होता आणि झाडूचा दांडा हीच बॅट! तो चेंडू खरोखरच मऊ असेल. आजचा तसा नाही. त्याचा परीघ सुमारे ३० सेंटिमीटर असून तो क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड असतो. म्हणून नवख्याने प्रथम झेल घेण्यास शिकावे. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याने चामडी हातमोजा डाव्या हातात घालावयाचा. नवा हातमोजा ताठ असतो. तो घालून रोज चेंडू झेलीत गेल्यास हळूहळू मऊ होतो व हाताला बसतो. सामन्याच्या दिवशी कोरा मोजा नेणे बरे नव्हे.

क्रिकेटमध्ये बॅट हाती धरूनच धावतात. येथे चेंडू टोलविताच बॅट जमिनीवर टाकून सुमारे १८ मीटर अंतरावरील पहिला बेस गाठावयाचा असतो. उत्साहाच्या भरात ती भिरकावली, तर मागे बसलेल्या कॅचरला इजा होते. यास्तव आरंभी चेंडूवाचूनच सराव करावा : फटका, बॅट खाली, धाव. फलंदाजाच्या मस्तकी शिरस्त्राण हवेच. आणि हा सराव चालू असता जवळपास कोणी उभे राहू नये.