दाराखालचा फोड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडी घेऊन दोन पावसाळे झाले होते. अकोल्याच्या माझ्या मेहुण्यांना गाडी धुताना मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेला दिसला, मसुराच्या डाळीएवढा. भंडारदऱ्याकडचा पाऊस, गंज धरायचाच, असे म्हणून त्यांनी ओळखीच्या गॅरेजमध्ये तो घासून, लांबी भरून रंगवून घेतला. सहा महिन्यांनी तिथेच पुन्हा फोड आला, तेव्हा ते शोरूमला गेले. 'बाहेर काम केलेले आहे, वॉरंटी लागू नाही,' एवढे ऐकून परतले.

शोरूमवाले अगदीच खोटे बोलत नव्हते, हे मला कबूल केले पाहिजे.

दाराचा बाहेरचा पत्रा कडेला आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, करंजीची कड मुरडतात तसा. त्या मुरडीत सीलंट भरतात आणि पाणी निघून जायला तळाशी बारीक भोके ठेवतात. सीलंट तुटक राहिले, तर पाणी मुरडीत शिरते, गंज आतून बाहेर येतो आणि रंग फुगतो. हा कारखान्यातला दोष. उसाच्या ट्रॉलीमागे जाताना खडा उडून रंगाचा टवका गेला, तर गंज बाहेरून आत जातो. तो दोष कंपनीचा नव्हे. भोके चिखलाने बुजली असतील, तर कंपनी मालकाकडेच बोट दाखवणार. सगळा वाद गंज कुठून निघाला याचा, आणि मेहुण्यांनी तो पुरावाच पॉलिशपेपरने घासून टाकला होता.

म्हणून फोडाला नखही लावू नका. फोटो काढा, तारीख आणि किलोमीटर टिपा, शोरूममध्ये तक्रार जॉबकार्डवर लिहूनच घ्या. तोंडी 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणजे काहीच नाही. कंपनीलाही स्वतंत्र पत्र धाडा. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असते. लांबी भरलेली जागा ते लगेच दाखवते. नवी गाडी ताब्यात घेतानाही ते लावायला सांगावे.

दोष कोणाचा, हेही नीट ठरवावे लागते. गोव्यातल्या एका ग्राहकाची तक्रार अशी होती, की 2011 चे मॉडेल म्हणून पैसे घेऊन त्याला 2009 ची, खालून गंजलेली, ओरखडे पडलेली गाडी दिली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मुक्त केले. विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती होती, हे सिद्ध झाले नव्हते. आणि एका पत्र्यासाठी नवी गाडी मागू नये. वॉरंटीत भाग बदलून देण्याचे लिहिले असेल, तर गाडी बदलून मागता येत नाही, असे 2006 मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात ठरले.

पत्राने काम झाले नाही, तर गाडी पुण्यात घेतलेली असली तरी आपल्या अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षे. गाडीची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

मेहुण्यांच्या उजव्या दारालाही पुढे फोड आला. या वेळी त्यांनी गाडी धुणाऱ्या पोरालाही तिकडे फिरकू दिले नाही. कंपनीच्या माणसाने मुरड उघडली, तर आत सीलंट वीतभर गायब. उजवे दार वॉरंटीत बदलून मिळाले. डाव्या दाराचे पैसे त्यांनी खिशातून भरले.