मैलापूरच्या जमिनीवर किती हात!

चेन्नईतल्या मैलापूरला उन्नत रेल्वेचं तिरुमयिलै नावाचं स्टेशन आहे. तिथून खाली वाकून पाहिलं तर काळपट, संथ पाणी दिसतं आणि त्या पाण्यात रोवलेले जाडजूड काँक्रीटचे खांब. हा बकिंगहॅम कालवा. पाच-दहा मिनिटं चालत गेलं की कपालीश्वराचं देऊळ, त्याचा तलाव आणि भोवतालच्या चार माडवीथी, म्हणजे देवळाला वेढणारे रस्ते. नकाशात हा सगळा परिसर चिमटीत मावेल एवढा. पण या जमिनीवर काय उभं राहावं हे इतक्या लांबलांबच्या कचेऱ्यांनी ठरवलंय की थक्क व्हायला होतं.

कालव्याचंच घ्या. अड्यार आणि कूवम या दोन नद्या जोडणारा त्याचा सुमारे 8 किलोमीटरचा तुकडा 1877-78 मध्ये खणला गेला, आणि तोच मैलापुरातून जातो. का खणला? दुष्काळ पडला होता म्हणून. लोकांना मजुरी मिळावी यासाठी सरकारने काढलेलं ते दुष्काळी काम होतं. 1972 च्या दुष्काळातले पाझर तलाव आणि खडी फोडणारी माणसं ज्या मराठी घरांच्या आठवणीत आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. नाव लागलं त्या वेळच्या गव्हर्नरचं, ड्यूक ऑफ बकिंगहॅमचं. बडोद्याची दिवाणगिरी सोडून तंजावरचे मराठी सर टी. माधवराव मैलापुरात राहायला आले, तेव्हा हा कालवा नवाकोरा होता.

शंभरेक वर्षांनी शहराला ही उन्नत रेल्वे हवीशी झाली. दाट वस्तीतून रूळ न्यायचे तर घरं पाडा, जमीन संपादन करा, खटले लढा. कालवा मात्र सरकारी, मोकळा आणि जवळजवळ सरळ! मग खांब पाण्यातच उतरले आणि 1997 मध्ये गाडी मैलापूरला पोहोचली. रेल्वेच्या हातात 1989 च्या कायद्याचं कलम 11 असतं. इतर कायदे काहीही म्हणोत, रेल्वेसाठी लागणारी बांधकामं जमिनीवर, पाण्यावर, रस्त्यावर करण्याची मुभा ते देतं. आणि गंमत पुढेच आहे. 2008 मध्ये केंद्राने काकीनाडा ते पुदुच्चेरी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 4 जाहीर केला. त्यात बकिंगहॅम कालव्याचा शहराच्या उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा भाग आला. मधल्या तुकड्यात रेल्वेचे खांब. एका मंत्रालयाने जिथे जहाजं चालावीत म्हटलं, त्याच कालव्यात दुसऱ्या मंत्रालयाचे पाय आधीच रोवलेले.

राज्यघटना वाचली तर जमिनीचं असं लांबून ठरायलाच नको. जमीन हा राज्य सूचीतला विषय, नोंद 18. शिवाय 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची म्हणून जी कामं दिली आहेत, त्यात पहिलंच काम नगर नियोजन आणि दुसरं जमीन वापराचं नियमन. प्रत्यक्षात मैलापूरचा आराखडा महापालिका करत नाही, राज्य सरकारचं महानगर विकास प्राधिकरण करतं. त्याला अधिकार मिळाला 1971 च्या राज्य कायद्यातून. पहिला बृहत् आराखडा सत्तरच्या दशकातला, दुसरा सप्टेंबर 2008 चा. चेन्नईत तर 2016 ते 2022 निवडून आलेली महापालिकाच नव्हती. नगरसेवक नसताना आराखडा लागूच राहिला, कुणाचं काही अडलं नाही. मला यातलं हे सगळ्यात बोलकं वाटतं.

मग केंद्र आत शिरतं कुठून? एक वाट पर्यावरणाची. 1986 च्या पर्यावरण कायद्याखाली 19 फेब्रुवारी 1991 रोजी किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. भरतीच्या रेषेपासून आत 500 मीटर. मैलापूरच्या पूर्वेला सान्तोम आणि कोळ्यांचं नोच्चिकुप्पम या पट्ट्यात येतात. इथला एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, 1991 च्या पातळीवर गोठला. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना ही तारीख पाठ असते. 18 जानेवारी 2019 रोजी केंद्राने ती गाठ सोडली आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत तमिळनाडूने राज्यभरासाठी नवे एकत्रित बांधकाम नियम आणले: साध्या इमारतींना 2 एफएसआय, उंच इमारतींना 3.25. पण केंद्राची सैल झालेली अधिसूचना लागू होते ती राज्याचा किनारा आराखडा नव्याने मंजूर झाल्यावर. तोवर एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन काळ नांदतात.

देवळाचा हात वेगळाच. आजूबाजूची बरीच जमीन कपालीश्वराच्या मालकीची. 1959 च्या राज्य कायद्यानुसार ती विकायची किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय खात्याच्या आयुक्तांची मंजुरी लागते. बाजारभाव आकाशाला भिडले तरी या जमिनीला ते सहजी लागू होत नाहीत.

केंद्राची दुसरी वाट पैशाची. 2017 च्या मेट्रो धोरणाने राज्यांना सांगितलं, मेट्रोला मदत हवी तर स्टेशनांभोवती दाट वस्ती वसवा आणि वाढलेल्या जमीनभावातून पैसा उभा करा. कायद्याने जमीन राज्याची, पण थैली दिल्लीची. चेन्नई मेट्रोचा दुसरा टप्पा, 118.9 किलोमीटर आणि 63,246 कोटींचा, केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये स्वीकारला. त्यातले दोन मार्ग मैलापूरला, देवळाजवळच, खोल जमिनीखाली एकमेकांना भेटणार आहेत.

आता स्टेशनाभोवती दाट वस्ती म्हणजे उंच इमारती. आणि राज्याचे नियम म्हणतात, पूर्ण 3.25 एफएसआय हवा असेल तर समोरचा रस्ता किमान 18 मीटर रुंद पाहिजे. माडवीथी रथ फिरावा म्हणून आखलेल्या, पण त्यांना फुटणाऱ्या गल्ल्यांतून दोन रिक्षाही मुश्किलीने जातात. 2027 ते 2046 या काळाच्या तिसऱ्या आराखड्याचं काम हाती आहे, तो करणाऱ्यांना या गल्ल्यांचं काय करायचं ते ठरवावं लागेल: रुंद करायच्या, की नियम वाकवायचा, की दाट वस्तीची अपेक्षा दुसऱ्या एखाद्या स्टेशनावर ढकलायची.