सायकल घेताना आधी सांगाडा बघा

जून जवळ आला की घराघरांत सायकलीचा विषय निघतो. गावातली शाळा सातवीला संपते, हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर असतं आणि एसटीची वेळ शाळेशी जुळत नाही. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. बाकीच्या घरी गटातून कर्ज काढतात. पैसा कुठूनही येवो, तो एकदाच येतो. सायकल दोन वर्षांत मोडली तर दुसरी लवकर येत नाही, आणि कधी कधी मुलीची शाळाच सुटते.

दुकानात गेल्यावर आपण रंग बघतो, बास्केट बघतो, घंटी वाजवून बघतो. पण टायर, चेन, पायडल, सीट, ब्रेक हे सगळं पुढे बदलता येतं. सांगाडा म्हणजे फ्रेम मोडली, की सायकल गेली. म्हणून आधी सांगाडा बघायचा.

पहिली गोष्ट, धातू. जाताना एक छोटा लोहचुंबक बरोबर न्या. फ्रेमच्या नळीला तो चिकटला तर नळी पोलादाची, नाही चिकटला तर बहुतेक ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम हलकं असतं आणि गंजून सडत नाही. पण त्याला तडा गेला तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे ते नीट जोडता येत नाही, आणि जोडलं तरी तापवल्यामुळे ती जागा कमजोर होते. पोलादाची सायकल जड, २० किलोच्या आसपास भरते. पण पोलाद बहुधा आधी वाकतं, मग तुटतं. म्हणजे आपल्याला सूचना मिळते, आणि दुरुस्ती तालुक्यातच होते. आपल्या कामाला पोलादच बरं.

दुसरी गोष्ट, आकार. पत्र्याच्या छपराखालची कैची आठवा. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. वर आडवा दांडा असलेल्या सायकलीत असाच त्रिकोण असतो. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून चढता यावं म्हणून लेडीज सायकलीत हा दांडा खाली आणलेला असतो. त्यामुळे त्रिकोण चपटा होतो आणि सीटखालच्या उभ्या नळीवर मधोमध ताण येतो. म्हणून लेडीज सायकल घेताना वरची नळी सीटच्या जितकी जवळ जोडलेली असेल तितकं चांगलं. दुधाची किटली किंवा गवताचा भारा रोज न्यायचा असेल, तर आडव्या दांड्याची सायकल जास्त टिकेल.

तिसरी गोष्ट, जोड. फ्रेम बहुधा नळीच्या मधे तुटत नाही, जोडापाशी तुटते. चार जागा बोट फिरवून तपासा: हँडलखाली, पायडलच्या एक्सलपाशी, सीटखाली, आणि मागच्या चाकाचा नट बसतो तिथे. वेल्डिंग नळीच्या सगळ्या बाजूंनी सलग हवं. मधे भोक, फट किंवा जळालेला खड्डा दिसला तर ती सायकल सोडा.

चौथी गोष्ट, सरळपणा. एक दोरा घ्या. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेला बांधा, हँडलखालच्या जाड नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला आणून ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर मोजा. ते सारखं हवं. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर फ्रेम वाकडी आहे. वाकडी सायकल एका बाजूला ओढते, आणि टायरही लवकर झिजतो.

पाचवी गोष्ट, मागची खाच. आपल्या रस्त्यांना एक गिअरची साधी सायकल पुरते, तिच्यात बिघडायला कमी असतं. पण चेन वापरून ढिली होते. तेव्हा चाक थोडं मागे ओढून ती ताणावी लागते. त्यासाठी नट बसतो ती खाच आडवी आणि लांब हवी. बऱ्याच गिअरच्या सायकलींत ही खाच उभी असते. अशी जुनी सायकल घेऊन गिअर काढून टाकले, तर चेन ताणताच येत नाही आणि सारखी उतरते.

जुनी सायकल घेणार असाल तर आणखी बघा. हँडलखालून पायडलकडे उतरणाऱ्या नळीच्या खालच्या बाजूला रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर असेल, तर ती सायकल समोरून कुठेतरी आदळली आहे. रंगाखाली फोड आले असतील तर आत गंज आहे. जुन्या सायकलीला नवाकोरा रंग दिसला तर जोड दुप्पट लक्ष देऊन तपासा. सीट वर-खाली होते का तेही बघा, आत गंजून अडकलेली दांडी निघता निघत नाही.

मुलगी वाढेल म्हणून फार मोठी सायकल घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. पुढे सीट वर घेता येते, पण दांडी निदान चार बोटं फ्रेमच्या आत राहू द्या. त्याहून वर ओढली तर नळीचं तोंड फाटतं.

फ्रेमवर ठोकलेला नंबर असतो, बहुधा पायडलच्या एक्सलखाली किंवा सीटच्या नळीवर. तो पक्क्या बिलावर लिहून घ्या. चोरी झाली तर कामी येतो.

घरी आल्यावर एवढंच करा: सायकल पावसात उभी ठेवू नका, रंग उडाला तिथे लगेच रंग लावा, आणि पावसाळ्याआधी सीट काढून नळीत थोडं तेल सोडा. नळी आतून गंजते, आणि ते बाहेरून कळत नाही.

येत्या बैठकीला गटातली एखादी सायकल मधे आणून उलटी ठेवा. चुंबक आणि दोरा घेऊन सगळ्या जणी मिळून तपासा. एकदा हाताने करून पाहिलं, की दुकानात विचारायला संकोच वाटणार नाही.