मळणीचे चाक आणि हिवाळ्याची भाकरी

पीक कापून झाले म्हणजे अन्न हाती आले, असा शहरी माणसाचा समज असतो. प्रत्यक्षात काडापासून दाणा वेगळा करण्याचे कष्ट त्यानंतरच सुरू होतात. महाराष्ट्रात हे काम उघड्या खळ्यावर, तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांच्या पायांनी होत आले. ब्रिटनच्या पावसाळी हवेत ते शक्य नव्हते. तेथे पेंढ्या रचून ठेवीत आणि मजूर कोठाराच्या फरशीवर हिवाळाभर त्या झोडपीत. चामड्याच्या वादीने जोडलेली दोन दांडकी एवढेच त्यांचे हत्यार. काम कंटाळवाणे व धुळीने छाती भरणारे. तथापि शेतात दुसरे काही नसण्याच्या दिवसांत मजुराची चूल त्यावरच पेटत असे.

हे काम पाण्याकडून करवून घेण्याचा विचार जुना आहे. मायकेल मेंझीझ या स्कॉटिश वकिलाने अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात पाणचक्कीला झोडपण्याची दांडकीच जोडून पाहिली. चाकाच्या वेगापुढे ती टिकली नाहीत. माणसाच्या हाताची नक्कल करण्यातच ही चूक होती. ती ओळखली अँड्र्यू मीकल (१७१९–१८११) या गिरण्या बांधणाऱ्या कारागिराने. ईस्ट लिंटन गावाजवळच्या ह्यूस्टन मिल येथे त्याचे वास्तव्य होते. सुट्या दांडक्यांऐवजी त्याने फिरत्या ढोलाची युक्ती योजली. कडांवर पट्ट्या बसविलेला ढोल वेगाने फिरावा, त्याच्या भोवती वक्र आवरण असावे आणि मधल्या फटीतून जाताना ओंब्यांतील दाणे सुटावेत, अशी ही रचना होती. १७८८ मध्ये त्याला तिचे एकस्व मिळाले. त्याच सुमारास त्याचा मुलगा जॉर्ज याने क्लॅकमननशायरमधील किलबॅगी येथे स्टाइन नावाच्या गृहस्थासाठी पाण्यावर चालणारी अशी गिरणी उभारली.

पुढे अशा गिरण्या स्कॉटलंडच्या अनेक शेतांवर झाल्या. ओढ्याला बांध घालून तळे करावयाचे, दार उचलून पाणी पाटाने चाकावर सोडावयाचे आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने त्या संथ गतीचे ढोलाच्या वेगात रूपांतर करावयाचे, अशी ही व्यवस्था होती. कालांतराने काड बाजूला सारणारे दाताळे व भूस उडविणारे पंखेही जोडले गेले. तळे आटले किंवा गोठले, की मळणी थांबे. त्या तळ्यांच्या व चाकांच्या खुणा तेथे आजही आढळतात.

या यंत्राला सर्वत्र सारखा न्याय मिळाला नाही. स्कॉटलंडमध्ये गडी सहा महिन्यांच्या वा वर्षाच्या करारावर राहत, वाढती शहरे माणसे ओढून घेत होती आणि शेतावर हात कमी पडत होते. तेथे यंत्राचे स्वागत झाले. दक्षिण इंग्लंडमध्ये स्थिती उलट होती. १८१५ मध्ये नेपोलियनविरुद्धचे युद्ध संपले, सैनिक घरी परतले आणि रोजंदारीच्या मजुरांची संख्या कामापेक्षा अधिक झाली. तेथे बहुधा घोड्यांच्या बळावर चालणारी मळणीयंत्रे आली, तेव्हा त्यांनी वाचविला तो वेळ शेतकऱ्याचा. गेली ती मजुराची हिवाळ्यातील भाकरी.

१८३० च्या ऑगस्टअखेर केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्र फोडले आणि पाहता पाहता दक्षिण व पूर्व इंग्लंडभर हे लोण पसरले. ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक नावाने धमकीची पत्रे जाऊ लागली. सरकारने कठोरपणे दंगल मोडली. १९ जणांना फाशी झाली, सुमारे ४८० जणांना ऑस्ट्रेलियाकडील वसाहतींत हद्दपार करण्यात आले. या मजुरांना अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु यंत्रामुळे मजुरांचे अहित होऊ शकते हे डेव्हिड रिकार्डोसारख्या अर्थशास्त्रज्ञानेही आपले पूर्वीचे मत बदलून १८२१ मध्ये मान्य केले होते. जे त्याने तर्काने जाणले, ते मजुरांनी पोटाने जाणले.

दैवाचा खेळ असा, की खुद्द मीकललाही या शोधातून संपत्ती लाभली नाही. त्याच्या उतारवयात, १८०९ मध्ये, सर जॉन सिंक्लेअर यांच्या पुढाकाराने वर्गणी काढून त्याला सुमारे १,५०० पौंड देण्यात आले. ज्याने शोध लावला आणि ज्यांचे काम त्या शोधाने हिरावले, असे दोघेही लाभाच्या वाटणीत मागे राहिले.

ढोल आणि वक्र आवरण यांचे तेच तत्त्व आजही मळणीयंत्रांत वापरले जाते. महाराष्ट्राच्या शिवारातील यंत्रेही त्याला अपवाद नाहीत. हंगामात दिवसांचे काम तासांत उरकते, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. बैलांमागे उन्हात फिरणे वा कोठारात धूळ गिळणे यांत वैभव काही नव्हते. प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाहीच. वाचलेल्या श्रमाचा वाटा कोणाच्या पदरी पडतो, हा आहे. त्याचे उत्तर चाक देत नाही. ते समाजालाच द्यावे लागते. १८३० साली इंग्लंडने ते फासाच्या दोराने दिले, म्हणून तो प्रश्न मिटला असे मात्र झाले नाही.