न्यायमूर्ती होण्याआधीचे रानडे

माझी आजी मूळची नगर जिल्ह्यातली. तिला सही येत नसे. कागदावर अंगठा उठवायची आणि मग मला म्हणायची, "आता वाच गं, कशावर उठवला ते!" आम्ही हसायचो. महादेव गोविंद रानड्यांबद्दल वाचताना मात्र तिचा हा प्रश्न पुन्हा आठवला.

रानडे म्हटलं की आपल्याला 'न्यायमूर्ती' आठवतात. पण ते मुंबई हायकोर्टात गेले 1893 साली आणि 1901 मध्ये वारले. त्याआधीची वीसहून जास्त वर्षं बहुतेक खालच्या कोर्टांतच गेली. 1871 मध्ये ते पुण्यात सबजज्ज झाले, तेव्हा तिशीही उलटली नव्हती.

खालचं कोर्ट म्हणजे ट्रायल कोर्ट. दावा पहिल्यांदा इथे उभा राहतो, साक्षीदार इथे बोलतात. अपिलात बहुतेक कागदच वाचले जातात. माणूस समोर दिसतो तो इथेच.

आणि तेव्हा समोर कोण होतं? कर्जात बुडालेला शेतकरी. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा झाला. तिथून पसरलेल्या दंग्यांत लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. कारण रोख्यावर अंगठा दिसला की कोर्ट हुकूमनामा देऊन मोकळं व्हायचं. 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. आता न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जायचं होतं: व्यवहार सुरू कसा झाला, मुद्दल किती, व्याज किती? कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही बंद झालं. 1881 पासून रानडे या कायद्याच्या कामात होते, पुढे विशेष न्यायाधीश झाले. गावोगाव फिरून खालच्या कोर्टांचे निकाल तपासणं हे त्यांचं काम.

हे सगळं सुखाने झालं असं नाही. पुण्यातल्या सार्वजनिक कामामुळे सरकारला त्यांचा संशय होता. 1878 मध्ये नाशिकला आणि पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांचं टपाल फोडून वाचलं जाई, असं रमाबाईंनी आठवणींत लिहिलंय. अमेरिकेतल्या फेडरल ट्रायल जज्जाची नेमणूक तहहयात असते, ती का, हे इथे कळतं. रानड्यांना असं संरक्षण नव्हतं. तरी त्यांनी ना नोकरी सोडली, ना सार्वजनिक काम.

बी.ए. नंतर मला लॉ करायचंय. मैत्रिणी विचारतात, "थेट हायकोर्ट ना?" मी म्हणते, आधी खालचं कोर्ट. आजीचा प्रश्न बरोबरच होता, फक्त अंगठा उठवल्यानंतरचा. तो तिच्या वतीने विचारणारं कुणीतरी तिथे बसलेलं हवं.