हिरवी जाळी, कमरेचा पट्टा आणि काही पक्के गैरसमज

२०२४ मध्ये बोरिवली पश्चिमेला, शिंपोलीच्या सोनीवाडी भागात, बांधकाम चालू असलेल्या उंच इमारतीच्या १६ व्या मजल्यावरून परांचीचा भाग कोसळला आणि तीन कामगारांचा जीव गेला. अशी बातमी आली की साइटवर, चहाच्या टपरीवर आणि शेजारच्या सोसायटीत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. बांबू कुजका असेल. पट्टा लावला नसेल. नवखा असेल, जुन्या माणसाला असं होत नाही. ही वाक्यं अर्धवट माहितीवर उभी आहेत, आणि परांचीवर काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण मागे पडतं ते या अर्धवट माहितीमुळेच.

डोळ्यांना सर्वांत जास्त फसवते ती हिरवी जाळी. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत कुठल्याही रस्त्यावर जाळीत गुंडाळलेली एक तरी इमारत दिसतेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने हवेच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी नियमावली काढली. बांधकामाधीन इमारती हिरव्या कापडाने, ज्यूटने किंवा ताडपत्रीने झाकायच्या आणि भोवती उंच पत्रे उभारायचे, असं तिच्यात सांगितलं होतं. हेतू धुळीचा होता. पण जाळी पाहून कामगारालाही वाटतं की पाय घसरलाच तर यात अडकू. तसं होत नाही. माणूस झेलण्यासाठी जाड दोरांची, ताण सोसणारी वेगळी सेफ्टी नेट लागते. तिचं भारतीय मानकही वेगळं आहे.

उलट ही जाळी परांचीवर नवं ओझं टाकते. झाकलेली परांची वाऱ्यात शिडासारखी फुगते. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरच्या छेडानगरमधलं अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हा एवढ्या पसरट वस्तूला वारा काय करू शकतो हे मुंबईने पाहिलं. म्हणून जाळी लावायची तर परांची इमारतीला जास्त ठिकाणी जखडावी लागते आणि वादळ किंवा मोठा पाऊस होऊन गेला की पुन्हा तपासावी लागते. १९९८ च्या केंद्रीय बांधकाम कामगार नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: वापरण्याआधी तपासणी, वापर सुरू झाल्यावर ठरावीक काळाने तपासणी, आणि फेरबदल, हवामान किंवा भूकंपाचा परिणाम झाला असेल तर पुन्हा तपासणी. जूनच्या पहिल्या पावसात उभ्या बांबूंखालची माती मऊ पडते, पण सकाळी कामावर आलेला माणूस वर बघतो, खाली बघत नाही. ते बघायला त्याला कोणी तरी शिकवावं लागतं.

बांबू धोक्याचा आणि लोखंड सुरक्षित, हा समज तर सुशिक्षितांतही पक्का आहे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या ताई पो भागातल्या वांग फुक कोर्ट वसाहतीला आग लागून दीडशेहून जास्त माणसं गेली, तेव्हाही पहिलं बोट बांबूच्या परांचीकडे दाखवलं गेलं. तपासात पुढे आले ते खिडक्यांवर लावलेला फोम आणि अग्निरोधकतेच्या चाचणीत न टिकलेली जाळी. आपल्याकडच्या नियमांनीही बांबूवर बंदी घातलेली नाही. बांबू चांगल्या प्रतीचा, बाहेर आलेल्या गाठी तासलेला असावा, एवढी अट आहे. लोखंडी पाइप उघड्या मातीवर टेकवले, तिरके आधार गाळले, गंजलेले क्लॅम्प वापरले, तर तीही परांची तशीच झोपते.

परांची कोसळण्यामागे याहून साधी गोष्टही असते. परांचीला इमारतीशी जोडणाऱ्या बांधणीकडे जवळून पाहावं. गवंडी बाहेरून प्लास्टर करत येतो. आडवा बांबू त्याच्या थापीच्या आड येतो. तो दोरी सोडतो, बांबू बाजूला सारतो, तेवढा चौकोन गुळगुळीत करतो आणि पुढे सरकतो. ती दोरी पुन्हा कोणी बांधत नाही, कारण परांची बांधणारे तोवर दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. अशा चार-पाच गाठी सुटल्या तरी खालून सगळं शाबूत दिसतं. मग त्या मजल्यावर सिमेंटची पोती चढतात. फळ्यांचंही तसंच आहे. नुसती ठेवलेली, न बांधलेली फळी आधाराच्या बाहेर हातभर आली असेल आणि त्या टोकावर पाय पडला, तर दुसरं टोक वर उठतं आणि माणूस फळीसकट खाली येतो. सोसायट्यांच्या रंगकामात तर बांबू चक्क खिडकीच्या ग्रिलला किंवा सांडपाण्याच्या पाइपला बांधलेले दिसतात.

यातली कुठलीच चूक अनुभवाच्या अभावी होत नाही. ती दोरी सोडणारा गवंडी बहुतेक वेळा अनुभवीच असतो. ‘इतकी वर्षं परांचीवर चढतोय, मला काय शिकवता,’ असं म्हणणारा माणूस चढण्यात तरबेज असतो. पण कोणती गाठ आपण सोडायची नाही, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. अमेरिकेच्या नियमांत म्हणूनच प्रशिक्षणाचे दोन भाग आहेत, परांचीवर काम करणाऱ्यांचं वेगळं आणि ती बांधणाऱ्या-सोडवणाऱ्यांचं वेगळं. आपल्याकडेही परांचीची बांधणी, बदल आणि मोडणी जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीच व्हावी असा नियम आहे. शीवची केंद्रीय श्रम संस्था आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली, आता बेलापूरला असलेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद लोकलच्या अंतरावर आहेत. पण त्यांच्या वर्गांत मुख्यतः अधिकारी आणि सुपरवायझर बसतात. अंधेरी-घाटकोपरच्या नाक्यावरून सकाळी उचललेला, बिहार-बंगालहून आलेला मजूर तिथे पोहोचत नाही. त्याचं प्रशिक्षण साइटवर, त्याला कळेल अशा भाषेत, पहिलं पाऊल फळीवर पडण्याआधीच व्हायला हवं.

पट्ट्याचं काय? नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाला वाचवण्यासाठी योग्य नाही. झटका सगळा पोटावर आणि कण्यावर येतो. पडणाऱ्याला रोखण्यासाठी असा पट्टा वापरायला अमेरिकेने १ जानेवारी १९९८ पासून मनाई केली. खांदे आणि मांड्यांवर भार वाटणारा पूर्ण हार्नेस हवा, आणि त्याचा हुक कुठे अडकवायचा हेही कळायला हवं. १.८ मीटरची दोरी, झटका शोषणारा भाग उलगडल्यावर आणखी सुमारे एक मीटर, माणसाच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि थोडी शिल्लक जागा, अशी बेरीज केली तर हुकाखाली पाच मीटरहून जास्त मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या उंचीवर पायाशी हुक अडकवलेला माणूस दोरी ताणली जाण्याआधीच जमिनीवर आपटतो. हुक त्याच डुगडुगत्या बांबूला अडकवला असेल, तर बांबूही सोबत येतो.

‘दहा फुटांवरून काय होतंय?’ हेही नेहमीचं. तीन मीटरवरून जमिनीवर यायला एक सेकंदही लागत नाही, आणि आपटताना वेग ताशी २७ किलोमीटरच्या आसपास असतो.

अपघातानंतर कुटुंबाला सांगितलं जातं की पट्टा त्याने लावला नव्हता, आता भरपाई मिळणार नाही. हे धादांत चुकीचं आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यानुसार, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसारही, कामगाराने सुरक्षा साधन जाणूनबुजून वापरलं नाही हा बचाव मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात मालकाला घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपये मिळतात. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवसांचं काम लागतं. मंडळ सुरक्षा संचही देतं. मात्र संचातला हार्नेस घालायचा कसा, हे शिकवलं नाही तर तो खोलीतल्या खुंटीलाच लटकतो.

आणि हा प्रश्न फक्त कामगारांचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये जोगेश्वरी पूर्वेला कामावर निघालेली २२ वर्षांची तरुणी बांधकामाच्या इमारतीवरून पडलेला सिमेंटचा ब्लॉक लागून गेली.

केंद्राच्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती २५० किंवा त्याहून जास्त बांधकाम कामगार असतील तिथेच आहे. सोसायटीच्या डागडुजीला आलेली पंधरा-वीस माणसं त्यात बसत नाहीत. त्यामुळे तिथली देखरेख सोसायटीच्या कमिटीनेच मागून घ्यायला हवी. परांची कोण बांधणार, कामगारांना कोण आणि केव्हा शिकवणार, दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती तपासून सही कोण करणार, हे कंत्राटात नावानिशी लिहून घ्या, आणि ते लिहून देईपर्यंत पहिल्या हप्त्याचा चेक देऊ नका.