बाज आणि डॅनिश खुर्ची : खिळ्याशिवाय उभं राहिलेलं लाकूड

आजचा विषय ऐकायला परदेशी वाटेल : डेन्मार्ककडचं जुनं लाकडी फर्निचर. पण बीड जिल्ह्यात बसून त्याची ओळख करून घ्यायची, तर आम्ही आपल्या बाजेपासून सुरुवात करू. कारागिरीचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. लाकडाचे तुकडे खिळा न मारता असे कसे जोडायचे, की वजन पडल्यावर ते सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसतील?

बाजेचे चार खूर आणि चार गाते. गात्याच्या टोकाला सुतार कुसू काढतो, खुराला भोक पाडतो आणि कुसू त्यात ठोकून बसवतो. एवढ्यानं बाज उभी राहते, पण हलते. तिला खरी मजबुती येते विणल्यावर. दोरी समोरासमोरच्या गात्यांना एकमेकांकडे ओढते. त्यामुळे मधले गाते दाबले जातात आणि त्यांचे कुसू खुरात आत ढकलले जातात. माणूस झोपला की ताण वाढतो, म्हणजे सांधाही आवळतो. खिळा मारला असता तर? वाळलेली बाभूळ खिळ्यानं फुटते. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लोखंड तसं वागत नाही, मग खिळा खिळखिळा होतो.

आपल्याकडे बाभूळच का, तर ती शेताच्या बांधावर मिळते, कठीण असते, चिवट असते. पूर्वी ओंडका पाण्यात मुरवत ठेवायचे. त्यातला रस निघून गेला की कीड कमी लागते. साग वाड्यांसाठी आणि ऐपतीच्या घरांसाठी. गंमत अशी, की डेन्मार्कच्या ज्या फर्निचरला आज जगभर मागणी आहे, त्यातलं पुष्कळसं सागाचंच आहे आणि साग तिकडे उगवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तो थायलंडसारख्या देशांतून तिकडे गेला.

आता हान्स वेग्नरची विशबोन खुर्ची घ्या. रेखाटन 1949 चं, उत्पादन 1950 पासून. तिची बैठक विणलेली असते. एका खुर्चीला सुमारे 120 मीटर दोरी लागते आणि ती दोरी कागदाला पीळ देऊन केलेली असते. विणकाम अजूनही हातानंच होतं. तिथे सांध्यांना सरसही लावतात, पण दोरीनं चौकट आवळण्याचं तत्त्व आपल्या बाजेचंच.

मग फरक कुठे पडला? आमच्या मते, नावात. कोपनहेगनमध्ये 1927 पासून 1966 पर्यंत सुतारांच्या संघाची दरवर्षी प्रदर्शनं भरली. तिथे रेखाटन करणारा आणि लाकूड घडवणारा अशी जोडी पुढे आली. फिन यूलबरोबर नील्स व्होडर, वेग्नरबरोबर योहानेस हान्सेन. जुनी खुर्ची विकत घेणारा आज आधी ती उलटी करतो आणि खाली सुताराचा शिक्का आहे का ते बघतो. शिक्का सापडला की किंमत वाढते. आपल्या बाजेवर शिक्का नाही.

आणखी एक गोष्ट. वेग्नर हा चांभाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो सुताराकडे उमेदवारीला लागला. आपल्या गावगाड्यात हे जवळपास अशक्य होतं. सांगाडा सुताराचा, दोरखंडं बहुतेक मातंग कारागिरांची, आणि मोबदला बलुत्याचा, म्हणजे खळ्यावरचं धान्य. हुन्नर होता, पण तो जातीला बांधलेला. एकाच हाताला रंधा आणि दोरी दोन्ही मिळणं अवघड होतं. बलुतं संपलं तेव्हा जाच गेला, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर गिऱ्हाईकही गेलं आणि त्या जागी कारागिराला दुसरी बाजारपेठ कुणी उभी करून दिली नाही.

बाज काय काय करते, तेही जरा मोजा. विणीतून वारा खेळतो, म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंगणात झोप लागते. बाळंतिणीला खालून शेगडीचा शेक देता येतो. गादीच्या पलंगावर ते जमत नाही. एकटा माणूस ती उचलून सावलीत नेतो. रस्ता नसलेल्या वस्तीवरून आजारी माणसाला चौघं बाजेवरूनच डांबरीपर्यंत आणतात. एवढी कामं करणारी डॅनिश खुर्ची आम्हाला तरी माहीत नाही.

आता व्यवहाराचं. घरात जुनी लाकडी बाज असेल तर विकण्याआधी दोरी सोडून कुसू तपासा. कुसू शाबूत, खुराला उभी चीर नाही, आणि टोकरल्याची भुकटी पडत नाही, तर सांगाडा चांगला आहे, फक्त वीण नवी लागेल. तिथे नायलॉनचा मोह होतो, स्वस्त असतो म्हणून. पण नायलॉन वजनाखाली हळूहळू लांबत जातो, ताण उतरतो आणि सांधे हलायला लागतात. अंबाडीची किंवा सुताची दोरी घेतली तर तीही सैल पडते, मात्र पायथ्याची ताणाची दोरी ओढून पुन्हा आवळता येते. पावसाळ्यात ही दोरी ओली होऊन आखडते, म्हणून बाज पावसात राहणार असेल तर पायथ्याचा ताण आधी थोडा ढिला करून ठेवा.